बुप्रेनॉर्फिन चालू असलेल्या भावाला एडीएचडीची गोळी द्यावी का?

केतकी_मिरज
नमस्कार मंडळी. एरवी पाककृतीच्या धाग्यांवरच माझा वावर, आज जरा वेगळं विचारायचंय. वेगळ्या आयडीने लिहावं असं वाटत होतं पण मग म्हटलं लपवून लपवूनच इथवर आलोय.

धाकटा भाऊ, वय ३४, पुण्यात असतो. कॉलेजात असताना ब्राऊन शुगरच्या नादाला लागला. दोनदा केंद्रात राहून आला, दोन्ही वेळा बाहेर पडल्यावर काही महिन्यांत पुन्हा सुरू. आता दीडेक वर्ष एका मानसोपचारतज्ज्ञांकडे बुप्रेनॉर्फिनवर आहे, म्हणजे ब्राऊन शुगरची तलफ आवरणारी, जिभेखाली ठेवायची गोळी, आणि खरं सांगायचं तर त्याला इतका बरा मी कित्येक वर्षांत पाहिलेला नाही. पावडर बंद आहे. पण बाकी सगळा आनंदीआनंद. फॉलोअपची तारीख विसरतो, गोळी सकाळी घ्यायची राहते मग संध्याकाळी अंग मोडून येतं, नोकरी धरली की दोन महिन्यांत कंटाळतो, बोलता बोलता मध्येच उठून जातो, गाडीची किल्ली आणि फोन तर रोजच हरवतात. डॉक्टरांनी परवा सविस्तर मुलाखत घेतली, मलाही फोनवर लहानपणाबद्दल बरंच विचारलं आणि म्हणाले याला एडीएचडी (लक्ष न टिकणं, चंचलपणा, उतावीळपणा यांचा आजार) असणार, मेथिलफेनिडेट (हे स्टिम्युलंट, म्हणजे मेंदूला तरतरी आणणारं) किंवा ॲटोमॉक्सेटिन (हे तसलं नाही) यांपैकी एक सुरू करू.

इकडे जुन्या केंद्रातले समुपदेशक म्हणतात अजिबात नको, ही स्टिम्युलंट म्हणजे आगीत रॉकेल. आई म्हणते एक गोळी सुटेना आणि आता दुसरी. भाऊ म्हणतो तुम्ही ठरवा आणि मला सांगा. कोणाला अनुभव आहे का?

बंड्या_सदाशिव
वाचतोय. फोन रोज हरवतो हे लक्षण असेल तर आमच्या अख्ख्या सोसायटीला गोळी लागेल.

शिरीषाची_फुलं
बंड्या, प्रत्येक धाग्यावर पहिला टोमणा तुझाच असायला हवा का?

केतकीताई, अनुभव नाही पण धीर देते. मोकळेपणाने लिहिलंत हेच खूप आहे.

कोराकागद
मी स्वतः रिकव्हरीत आहे, ११ वर्षं झाली. गर्द, मग गोळ्या, मग पुन्हा गर्द. केंद्रात राहिलो, नंतर तिथेच काही वर्षं कामही केलं. त्यामुळे स्पष्ट लिहितो, राग मानू नका.

समुपदेशकांचं म्हणणं बरोबर आहे. व्यसनी माणसाचं डोकं कसं चालतं ते बाहेरच्याला कळत नाही. गोळी दिसली की आधी 'हिने काय होईल' हा विचार येतो, आजार नंतर. आमच्या बॅचला एकजण होता, लक्ष लागत नाही म्हणून डॉक्टरकडून गोळी मिळवली आणि कुटून ओढायला लागला. टर्की (नशा सोडल्यावर होणारा त्रास) काढताना, आणि नंतरही बरेच महिने, कोणाचंच कशात लक्ष लागत नाही. झोप नाही, चिडचिड, एका जागी बसवत नाही. त्याला आजाराचं नाव द्यायची काय गरज? वेळ द्या, व्यसन सोडलेल्यांच्या मीटिंगला पाठवा, सकाळी व्यायाम करायला लावा. मी तसाच सुधारलो.

औषधवाला_नाशिक
दुकानदाराच्या बाजूने लिहितो. मेथिलफेनिडेट शेड्यूल एक्समध्ये येतं. म्हणजे साध्या चिठ्ठीवर मिळत नाही. दुकानाला त्यासाठी वेगळा परवाना लागतो, चिठ्ठी दोन प्रतींत लागते, एक प्रत आम्ही २ वर्षं सांभाळायची, माल कुलपात ठेवायचा, रजिस्टर वेगळं. एवढा खटाटोप गल्लीतला दुकानदार करत नाही म्हणून बऱ्याच ठिकाणी 'नाही' असंच उत्तर मिळतं. कंपनीचा माल संपला असं सांगतात ते नेहमी खरं असतंच असं नाही, परवानाच नसतो. ॲटोमॉक्सेटिनला ही भानगड नाही, साधी चिठ्ठी पुरते.

शहर बदलणार असाल, गावी जाणार असाल तर आधी विचार करा. मिरजेत कोणाकडे मिळतं ते डॉक्टरांनाच विचारून ठेवा.

डॉनिरं
मानसोपचार हाच माझा पेशा आहे. न पाहिलेल्या पेशंटबद्दल सल्ला देत नाही, पण मुद्दा महत्त्वाचा आहे म्हणून सर्वसाधारण लिहितो.

कोराकागद यांचं निम्मं म्हणणं अगदी बरोबर आहे. विथड्रॉवलमध्ये, म्हणजे टर्कीत, आणि त्यानंतर काही काळ कुणीही एडीएचडीसारखा दिसतो. सहा प्रश्नांची जी छोटी प्रश्नावली नेटवर फिरते (एएसआरएस), ती व्यसनाच्या पेशंटमध्ये नुसती भरून घेतली तर गरजेपेक्षा जास्त लोक 'पॉझिटिव्ह' येतात. म्हणून निदान त्यावर करायचं नसतं, बालपणावर करायचं असतं. लक्षणं वयाच्या १२ वर्षांआधी होती का, घरी आणि शाळेत दोन्हीकडे होती का, नशा सुरू व्हायच्या आधी होती का. केतकीताई, तुम्हाला फोन केला तो यासाठीच, आणि डॉक्टरांनी तो केला हे मला आवडलं. शाळेची प्रगतीपुस्तकं सापडली तर नेऊन दाखवा.

पण उरलेलं निम्मं पटत नाही. व्यसनाच्या उपचारासाठी येणाऱ्यांत साधारण पाचातल्या एकाला एडीएचडी असतो असं अनेक देशांतले अभ्यास एकत्र केल्यावर दिसलं आहे. सर्वसामान्य प्रौढांत हे प्रमाण दोन-तीन टक्के. एवढ्या सगळ्यांना 'वेळ द्या' म्हणून सोडून देता येत नाही, कारण उपचार मध्येच सोडणाऱ्यांत हेच लोक पुढे असतात. तारीख विसरणं, रांगेत थांबवत नाही म्हणून निघून जाणं, क्षणात निर्णय घेणं. आणि बुप्रेनॉर्फिन सोडलं तर पुढचा धोका साध्या विसरभोळेपणाचा उरत नाही, शरीराची सवय कमी झालेली असताना माणूस जुन्याच मात्रेत पावडर घेतो आणि जिवानिशी जातो.

टवाळखोर
डॉक्टर, आमच्या प्रगतीपुस्तकात दरवर्षी एकच शेरा, 'हुशार आहे पण वर्गात लक्ष नसते'. बाई बदलल्या, शेरा तोच. मला पण द्या एक गोळी.

चहाबिस्कीट
हल्ली रील बघून सगळ्यांनाच एडीएचडी झालाय. माझ्या भाचीला दर पंधरवड्याला नवीन आजार असतो. मागच्या वेळी ओसीडी होता, घर मात्र काही आवरलं नाही.

शिरीषाची_फुलं
^ हाहाहा. पण इथे गंभीर विषय चाललाय हो.

डॉनिरं
टवाळखोर, नुसता शेरा पुरत नाही, त्यामुळे आयुष्याचं नुकसान होतंय का हेही पाहावं लागतं. तुम्ही मजेत दिसता.

पालथाघडा
मी बहुतेक इथला एकटाच असेन जो दोन्ही घेतो. म्हणून लॉगिन केलं, एरवी फक्त वाचतो.

माझं ब्राऊन शुगर नव्हे, ट्रामाडोल, अफूच्या जातीची वेदनाशामक गोळी. पाठीच्या दुखण्यासाठी सुरू झालं आणि दुखणं थांबलं तरी गोळी थांबली नाही. २०१८ मध्ये ट्रामाडोल एनडीपीएस या अमली पदार्थांच्या कायद्याखाली आलं आणि दुकानात मिळायची पंचाईत झाली तेव्हा कळलं आपण कुठे उभे आहोत. आता बुप्रेनॉर्फिन-नॅलोक्सोन (नॅलोक्सोन गैरवापर टाळायला मिसळलेलं असतं). एडीएचडीचं निदान ४१ व्या वर्षी झालं.

आधी ॲटोमॉक्सेटिन दिलं. पहिले दोन आठवडे मळमळ, तोंड कोरडं आणि फायदा शून्य. डॉक्टर म्हणाले होते महिना लागतो, मला वाटलं डॉक्टर असं म्हणतच असतात. महिन्यानंतर खरंच जरा शांत वाटायला लागलं, म्हणजे डोक्यातले सगळे रेडिओ एकदम बंद झाले असं काही नाही, पण बायको बोलत असताना शेवटपर्यंत ऐकू यायला लागलं. (बायकोच्या मते हा माझ्या आयुष्यातला सर्वात मोठा वैद्यकीय चमत्कार.) एक सांगतो, बद्धकोष्ठता. बुपने (बुप्रेनॉर्फिनने) होतेच, त्यात हिची भर. इसबगोल आधीच आणून ठेवा.

पुढे तेवढं पुरेना म्हणून लांब टिकणारं मेथिलफेनिडेट दिलं. माझी सगळ्यात मोठी भीती होती की किक बसेल आणि आवडेल. तसं काही झालं नाही. सकाळी घेतो, हळूहळू चढते, संध्याकाळी उतरते, उतरताना थोडी चिडचिड. पण पहिल्या दिवसापासून बायकोच्या ताब्यात आहे, आठवड्याची मोजून मिळते. मला त्यात कमीपणा वाटत नाही.

कोराकागद
पालथाघडा, तुमचं चांगलं चाललंय त्याचा आनंद आहे. पण तुमच्यामागे बायको आहे, पगार आहे, वेळेवर भेटणारा डॉक्टर आहे. मी ज्या पोरांबरोबर काम केलं ती स्टेशनबाहेर राहणारी. त्यांच्या हातात महिन्याची गोळ्यांची पट्टी दिली तर संध्याकाळपर्यंत विकली गेलेली असते. आणि तुम्ही सगळे बुप्रेनॉर्फिनला उपचार म्हणताय, आमच्यात बरेचजण त्यालाही क्लीन, म्हणजे नशामुक्त, मानत नाहीत.

सखी_ठाणेकर
हे 'क्लीन मानत नाही' प्रकरण फार ऐकलंय. माझा मावसभाऊ ओएसटी (नशेऐवजी औषध देणाऱ्या) केंद्रात जायचा, म्हणजे सरकारच्या एड्स नियंत्रणवाल्यांचं (नॅको), सुईने नशा घेणाऱ्यांसाठी असतं ते. रोज जाऊन नर्ससमोर गोळी जिभेखाली ठेवायची. त्याला मीटिंगमध्ये कोणीतरी म्हणालं तू अजून नशेतच आहेस. त्याने गोळी सोडली. पुढचं लिहीत नाही.

कोराकागद
ताई, वाईट वाटलं. कोणी गोळी सोड असं मी कधीच कोणाला सांगितलेलं नाही आणि सांगू नये. ते डॉक्टरचं काम.

हडसनकाठचा_बापू
इथे न्यू जर्सीत मी फार्मसिस्ट आहे, म्हणून थोडं तिकडचं. आपल्याकडे हा प्रश्न नवा वाटतो पण इथे त्यावर पुष्कळ डोकेफोड झाली आहे.

२००६ मध्ये न्यूयॉर्कच्या एका गटाने मेथाडोनवर (बुपसारखंच व्यसनावरचं औषध) असलेल्या ९८ एडीएचडी पेशंटना तीन गटांत विभागलं, एकाला मेथिलफेनिडेट, एकाला ब्युप्रोपिऑन (नैराश्यावरचं औषध), एकाला नुसती साखरेची गोळी. १२ आठवड्यांनी तिन्ही गट जवळपास सारखेच सुधारले! म्हणजे औषध जादू करतं असं नाही. पण दुसरी गोष्ट लक्षात घ्या, मेथिलफेनिडेटवाल्यांनी गोळीचा गैरवापर केला किंवा त्यांचं कोकेन वाढलं असंही दिसलं नाही. ज्या भीतीने सगळे नाही म्हणतात ती त्या अभ्यासात तरी खरी ठरली नाही.

मग २०१४ मध्ये स्वीडनमध्ये तुरुंगातून सुटणाऱ्या ॲम्फेटामिनच्या (हेही स्टिम्युलंटच) व्यसनी लोकांना मेथिलफेनिडेटची नेहमीपेक्षा बरीच जास्त मात्रा दिली, तेव्हा एडीएचडीही सुधारला आणि लघवीच्या तपासण्याही जास्त स्वच्छ आल्या. तो ओपिऑइडचा, म्हणजे अफूच्या जातीच्या नशेचा, अभ्यास नाही हे खरं, पण पूर्वी मात्रा अपुरी पडत असेल अशी शंका त्यातून आली.

आणि २०२२ मध्ये अमेरिकेतल्या विम्याच्या नोंदींवरून बुप्रेनॉर्फिन घेणाऱ्या जवळपास २३ हजार लोकांचा अभ्यास झाला. स्टिम्युलंट चालू असलेल्या दिवसांत औषधांच्या विषबाधेची शक्यता थोडी वाढलेली दिसली, पण तीच माणसं बुप्रेनॉर्फिन उपचारात बरीच जास्त टिकली. आणि टिकणं हेच जीव वाचवतं. म्हणजे दोन्ही बाजू एकाच कागदावर.

जाता जाता, ब्युप्रोपिऑनबद्दल. काही डॉक्टर एडीएचडीसाठी तेही देतात. त्याने फिट येण्याची शक्यता वाढते आणि ट्रामाडोलनेही वाढते, त्यामुळे कोणी लपून ट्रामाडोल घेत असेल तर ते डॉक्टरांना सांगणं फार गरजेचं. शिवाय ब्युप्रोपिऑनने लघवीच्या साध्या तपासणीत ॲम्फेटामिन खोटं पॉझिटिव्ह येऊ शकतं. इथे त्यावरून क्लिनिकमध्ये भांडणं झालेली पाहिली आहेत.

बंड्या_सदाशिव
बापू, तुमचं वाचून प्रथमच या धाग्यावर गप्प बसावंसं वाटलं.

टवाळखोर
तिन्ही गट सारखेच सुधारले म्हणजे साखरेची गोळी सर्वात स्वस्त. औषधवाले, आहे का स्टॉकमध्ये?

औषधवाला_नाशिक
त्याला पेढा म्हणतात. परवाना लागत नाही.

व्यवस्थापक
चर्चा चांगली चालू आहे. एक विनंती: मात्रेचे, मिलिग्रॅमचे आकडे इथे लिहू नयेत. आत्तापर्यंत कोणी लिहिलेले नाहीत, तसंच ठेवा. गोळी कुठे 'सहज' मिळते हेही नको.

मुक्ता_देसाई_गोवा
अवांतर आहे पण विचारते. बुपने दात खराब होतात का? माझ्या नवऱ्याच्या दाढा एकामागून एक जात आहेत.

हडसनकाठचा_बापू
अवांतर नाही. अमेरिकेच्या एफडीएने (औषधांवर नियंत्रण ठेवणारी सरकारी संस्था) जानेवारी २०२२ मध्ये तोंडात विरघळणाऱ्या बुप्रेनॉर्फिनबद्दल दातांचा इशारा दिला आहे. गोळी पूर्ण विरघळल्यावर पाण्याची मोठी चूळ तोंडात फिरवून गिळायची, आणि दात घासायला तासभर थांबायचं. म्हणून गोळी बंद मात्र करायची नाही, दातांच्या डॉक्टरला सांगून ठेवायचं.

पालथाघडा
आणि एडीएचडीच्या औषधांनी तोंड कोरडं पडतं, त्याने दात आणखी जातात. दोन्ही चालू असतील तर सहा महिन्यांनी दंतवैद्य. मी स्वतः हे करतो असं लिहिणार होतो पण बायको हा धागा वाचते.

निवृत्त_मास्तर
मी ३६ वर्षं जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवलं. प्रगतीपुस्तकावरचे ते शेरे लिहिणारा मीच. खिडकीबाहेर बघणारी, बाकावर ठरत नसलेली पोरं आम्ही दाराशी उभी केली, अंगठे धरायला लावले. आम्हाला कोणी काही शिकवलंच नव्हतं. त्यातली काही पुढे ट्रकवर गेली, काही लष्करात जाऊन उत्तम निघाली, एकदोन गांजा-दारूत वाया गेली. सगळं आजाराच्या नावावर घालू नये असंही वाटतं, घरची गरिबी, बापाचं पिणं हेही होतंच. पण केतकीताई, शाळेत अजून जुनी रजिस्टरं असतात. विचारून बघा.

केतकी_मिरज
मास्तर, आईने माळ्यावरून प्रगतीपुस्तकं काढली! तिसरीपासून. 'सतत बडबड', 'वह्या हरवतो', 'गणितात आकडे वगळतो', आणि एका बाईंनी लिहिलंय 'स्वतःचे नाव लिहिण्यास विसरतो'. आई बराच वेळ वाचत बसली आणि मग म्हणाली हे तर पावडरच्या आधीचं आहे. मला वाटतं इतकं भाषण मी देऊनही तिला पटलं नसतं.

डॉनिरं
उत्तम. ती सगळी घेऊन जा.

आता मूळ प्रश्नावर येतो कारण चर्चा दातांपर्यंत गेली. बुप्रेनॉर्फिन आणि ही औषधं बरोबर देता येतात, दिली जातात. २०१८ च्या सुमारास व्यसन आणि एडीएचडी या दोन्हीवर काम करणाऱ्या तज्ज्ञांचं आंतरराष्ट्रीय एकमत प्रसिद्ध झालं, त्यातही दोन्हींवर एकत्र उपचार करा असंच म्हटलं आहे, 'आधी पूर्ण बरा हो मग बघू' असं नाही. मी स्वतः साधारणपणे कसं ठरवतो ते सांगतो. पेशंट अजून अस्थिर असेल, मध्ये मध्ये घसरत असेल, घरात गोळी सांभाळणारं कोणी नसेल तर ॲटोमॉक्सेटिनने सुरुवात. त्याची नशा होत नाही, विकत घेणारंही कोणी नसतं. कोराकागदांच्या स्टेशनवरच्या पोरांसाठी मी हेच निवडीन. पेशंट स्थिर असेल, घरचं कोणी सोबत असेल आणि पहिल्याने भागत नसेल तर लांब टिकणारं मेथिलफेनिडेट. झटकन चढणाऱ्या प्रकाराने सुरुवात मी करत नाही, कुटून ओढायला तोच सोपा पडतो. सुरू करण्याआधी बीपी, नाडी, घरात कोणाला तरुणपणी हृदयाचा त्रास होता का हे विचारणं. मेथाडोनवर असेल तर ईसीजी. आठवड्याचाच साठा, आणि दोन्ही औषधं एकाच डॉक्टरकडून. हे शेवटचं फार महत्त्वाचं, एका डॉक्टरला दुसऱ्याची चिठ्ठी माहीत नाही यातून निम्मे घोळ होतात.

आणि व्हिडिओ कॉलवर हे जमणार नाही. २०२० च्या टेलिमेडिसिनच्या नियमांत शेड्यूल एक्सची औषधं फोनवर लिहून द्यायला बंदी आहे. प्रत्यक्ष जावं लागेल.

गोळीबरोबर आणखी काय, तर अलार्म, डायरी, एका वेळी एक काम, झोपेची वेळ. ऐकायला फालतू वाटतं. गोळीने लक्ष आलं तरी ते कुठे लावायचं हे शिकावं लागतं.

कोराकागद
डॉक्टर, आठवड्याचा साठा आणि घरच्यांच्या हातात, असं असेल तर माझा विरोध बराच कमी आहे. माझ्या केंद्रात ही गोळी असती तर आजही मी नको म्हटलं असतं, कारण तिथे ते सांभाळणारं कोणी नव्हतं. पण केतकीताईंच्या भावाची गोष्ट वेगळी दिसते. फक्त एक, मीटिंग सोडू देऊ नका. गोळी चालू आहे म्हणून त्याला कोणी टोमणा मारला तर दुसरी मीटिंग शोधा, सगळ्या सारख्या नसतात.

सखी_ठाणेकर
कोराकागद, हे लिहिल्याबद्दल आभार.

चहाबिस्कीट
पुण्यात कोणाला लाज वाटत असेल किंवा पत्ता माहीत नसेल तर मुक्तांगण व्यसनमुक्ती केंद्र १९८६ पासून आहे, निदान बोलून तरी या. आणि व्यसनासाठी सरकारी हेल्पलाइन १४४४६, मानसिक त्रासासाठी टेलिमानस १४४१६. भाचीच्या नादाने माझे पाठ झालेत.

केतकी_मिरज
सर्वांचे आभार. काल भाऊ, आई आणि मी तिघं जाऊन आलो. पुस्तकं बघून डॉक्टर हसले, मग नावाच्या शेऱ्यावर थांबले. सध्या ॲटोमॉक्सेटिन सुरू केलंय, कारण मागच्या महिन्यात तो एकदा घसरला होता हे त्याने तिथेच आमच्यासमोर सांगितलं. आम्हाला माहीत नव्हतं. आई काही बोलली नाही, बाहेर आल्यावर त्याच्यासाठी वडापाव घेतला. सहा आठवड्यांनी पुन्हा बघू, नाही जमलं तर दुसरं, आणि ते आलं तर गोळ्या आईच्या कपाटात राहतील हे त्यानेच सुचवलं. समुपदेशकांना मी फोन करून सगळं सांगितलं, ते म्हणाले डॉक्टरांशी मी बोलतो. बोलतील अशी आशा.

पालथाघडा, मळमळ सुरू झाली आहे. जेवणानंतर घेतली तर कमी होते का?

पालथाघडा
मला नाश्ता पोटभर करून घेतल्यावर बरीच कमी झाली. नुसत्या चहावर घेऊ नका. तरी डॉक्टरांना फोन करून विचारा, मला संध्याकाळी घ्यायला सांगितलं होतं काही दिवस.

बंड्या_सदाशिव
आणि इसबगोल.

पालथाघडा
आणि इसबगोल.